गोधडीची गौराई

पुष्पाबाईंच्या गच्चीवर ज्वारीचे पापडासारखे बिबडे वाळत पडले होते आणि त्यांच्या बरोबर मधोमध गोधडी मांजर पाठीची कमान करून उभी होती. प्रेमराज आबांनी आपल्या गच्चीवरून ते पाहिले आणि ते कठड्याशी धावले. पाठीची ती कमान त्यांच्या चांगल्याच ओळखीची झाली होती.

"गोधडे, इकडे ये," आबा शक्य तितक्या गोड आवाजात म्हणाले. "तिथे नको. लोकांचं आहे ते."

गोधडीने ऐकले नाही. "खॅक, खॅक, खॅक" असा आवाज करून तिने करंगळीएवढी एक ओली, राखाडी वळी सगळ्यात गोल, सगळ्यात सुबक बिबड्यावर ठेवली. मग मोकळी होऊन ती सावलीत जाऊन बसली. नेमक्या त्याच वेळी पुष्पाबाई बिबडे उलटायला जिना चढून वर आल्या.

"आबा! दखा जरा! तुम्हनी मांजरनी मन्हा बिबडास्वर उंदीर टाकी दिन्हा!"

"उंदीर नाही हो पुष्पाबाई. केस आहेत ते."

"केस? कोना केस?"

"तिचेच. चाटताना पोटात जातात, मग ते असे बाहेर येतात."

आबांना वाटले होते, हे ऐकून पुष्पाबाईंना बरे वाटेल. पण उंदीर परवडला, अशा चेहऱ्याने त्या बिबड्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी सगळे बिबडे गोळा करायला घेतले. आबा मदतीला गेले, तर "ऱ्हाऊ द्या" म्हणाल्या. जळगावच्या उन्हाने भाजले नसते इतके त्या दोन शब्दांनी आबांना भाजले.

गोधडी म्हणजे लांब केसांची, पांढरी-राखाडी मांजर. कोपऱ्यात बसली की घडी घालून ठेवलेल्या गोधडीसारखी दिसते, म्हणून आबांच्या पत्नी सुमनबाईंनी तिचे हे नाव ठेवले होते. सुमनबाई दिवाळीनंतर गेल्या. त्या होत्या तोवर गोधडीने घरात कधी असे काही टाकलेले आबांना आठवत नव्हते. आता मात्र चपलेत, वर्तमानपत्रावर, एकदा तर आबांच्या चष्म्याच्या घरात. आणि रोज दुपारी ती सुमनबाईंच्या लोखंडी कपाटासमोर बसून केविलवाणे ओरडायची. लोखंड गार लागत असेल, अशी आबांनी स्वतःची समजूत घातली होती. त्या कपाटाला सुमनबाई गेल्यापासून कुलूप होते. किल्ली खुंटीवर होती. आबा खुंटीवरची पिशवी काढत, टोपी काढत, किल्लीला हात लावत नसत.

बिबड्यांची बातमी संध्याकाळपर्यंत धुळ्याला पोचली. धुळ्याला आबांची मुलगी ज्योत्स्ना राहते आणि पुष्पाबाईंकडे तिचा नंबर आहे.

"दादा, मी अखाजीला येतेच आहे," ज्योत्स्ना फोनवर म्हणाली. "अक्षय्य तृतीयेला आईच्या नावाची पहिली घागर भरायची आहे. जाताना गोधडीला घेऊन जाते. तुमच्याच्याने होत नाही ते."

"काय होत नाही?"

"बघा, तुम्ही स्वतः दोन वेळ नीट जेवत नाही. त्यात ती आजारी."

"ती आजारी नाही. तिला केसांचा त्रास आहे."

"अखाजीला मला ती ठणठणीत दिसली तर राहू दे. नाही तर टोपली घेऊनच येते मी."

आबांचे सगळे आयुष्य एसटी स्टँडवर कंट्रोलर म्हणून गेले होते. बंद पडलेल्या गाडीतले प्रवासी दुसऱ्या गाडीत कोंबून ती वेळेत सोडण्यात त्यांची हयात गेली. घरात त्यांच्याशिवाय श्वास घेणारी एकच गोष्ट उरली होती आणि ती धुळ्याच्या गाडीत बसवून द्यायची? आबांनी फोन ठेवला, टोपी घातली आणि गोधडीला केळीच्या खोक्यात बसवून सरकारी जनावरांच्या दवाखान्याचा रस्ता धरला.

दवाखान्यात खिडकीमागे भूषण नावाचा पोरगेलासा कारकून बसला होता. त्याने खोक्याकडे पाहिले नाही. कॉम्प्युटरकडे पाहिले.

"बिल्ला नंबर?"

"कसला बिल्ला?"

"जनावराच्या कानातला."

आबांनी खोक्यात वाकून गोधडीचे दोन्ही कान तपासले. न जाणो, सुमनबाईंनी कधी लावून घेतला असेल. "नाही बुवा."

"जनावर कोणतं? गाय, बैल, म्हैस, शेळी, मेंढी, वराह, कोंबडी?"

"मांजर."

"मांजर येत नाही आबा यात."

"मग जे येतं ते टाका, पण आम्हाला आत सोडा. गाडी भरलीय, फलाट नाही म्हणून परत पाठवता येते का?"

भूषणने डोके खाजवले, आकाराचा अंदाज घेतला आणि शेळी टाकली. कोंबडीपेक्षा ते सन्मानाचे वाटले, म्हणून आबांनी हरकत घेतली नाही. ती घ्यायला हवी होती. कारण त्याच आठवड्यात आपल्या शेळीच्या लसीकरणाची वेळ झाल्याचा निरोप आबांच्या मोबाइलवर आला. पाठोपाठ बर्फाची पेटी घेऊन एक माणूस गल्लीत घरोघर विचारत आला, "प्रेमराज पाटलांची शेळी कुठे बांधतात?" त्या दिवसापासून गल्लीतले लोक आबांच्या मोरीच्या खिडकीत वास घेऊन बघू लागले.

आतल्या डॉक्टर दिपमाला मॅडम मात्र भल्या होत्या. गोधडीचे पोट दाबून बघून त्या म्हणाल्या, "काही मोठं नाही. उन्हाळा आहे, केस खूप गळतात. ती चाटते, ते पोटात जातं, तिथे त्याचं गुंतवळ होतं. रोज विंचरा तिला. निघणारे केस तुमच्या हातात आले तर तिच्या पोटात जाणार नाहीत. पाणी भरपूर ठेवा. टोपलीत थोडे गहू पेरा, कोवळं गवत खायला आवडतं मांजरींना. आणि तेलं-बिलं पाजू नका. जेवणं सोडलं किंवा नुसतीच खॅक-खॅक केली, बाहेर काही आलं नाही, तर लगेच घेऊन या."

विंचरा! एवढेच? आबा खुशीत घरी आले. येताना त्यांनी दुकानातून मांजरीचा खास ब्रश आणला. गोधडीने ब्रश हुंगला, आबांचा हात मनगटापासून कोपरापर्यंत ओरबाडला आणि पलंगाखाली गेली. दुसऱ्या दिवशी दुसरा हात. तिसऱ्या दिवसापासून आबा पूर्ण बाह्यांचा सदरा घालून, बटणे लावून बाहेर पडू लागले. पारा पंचेचाळीसला टेकला होता. पेन्शनीच्या कामाला बँकेत गेले, तर शिपायाने त्यांना खुर्ची दिली, पाणी दिले आणि ताप कधीपासून आहे ते विचारले. मांजरीने ओरबाडले, असे चारचौघांत सांगण्यापेक्षा आबांनी ताप कबूल केला.

समोरच्या घरातले झुलाल नाना चोपड्याकडचे. केळीच्या बागेत आयुष्य काढून आता मुलाकडे राहायला आलेले. जगातल्या प्रत्येक दुखण्यावर त्यांच्याकडे एकच औषध.

"केळं खावाड तिले," नाना म्हणाले. "केळाघाई बठ्ठं साफ व्हस."

"मांजर केळं खात नाही नाना."

"खात नही म्हनीसन त् पोट बिघडनं तिनं!"

आबांनी तेही केले. केळे कुस्करून, दुधात कालवून, वाटीत ठेवले. गोधडीने वाटीभोवती जमिनीवर पंजाने माती ओढल्यासारखे केले, म्हणजे जी गोष्ट पुरायची त्या गोष्टीला ती करते तसे. नानांनी हा अपमान मनावर घेतला आणि घरी जाऊन बैलाचा खरारा घेऊन आले. "आम्हना सर्जा येन्हाघाई डोया मिटी ले," असे म्हणून त्यांनी तो लोखंडी खरारा आबांच्या हातात ठेवला. सर्जाची गोष्ट वेगळी होती. गोधडी खरारा पाहून जी कपाटावर चढली, ती संध्याकाळच्या दुधालाच खाली आली. आणि आल्या आल्या खॅक-खॅक करून आबांच्या टोपीत तिने दिवसभराचा हिशेब चुकता केला.

दुसरा माणूस इथे खचला असता. आबांनी टोपी धुतली, वाळत घातली आणि डॉक्टरांच्या दुसऱ्या उपायाला हात घातला. गहू.

बांबूची टोपली आणली, खतमाती भरली, गहू भिजवून पेरले. उन्हाने करपतील म्हणून टोपली आत घेतली. कूलरची हवा देव्हाऱ्याशेजारच्या कोपऱ्यात चांगली येते, म्हणून तिथे ठेवली. मुंग्या लागल्या, म्हणून खाली पाट दिला आणि पाटाभोवती मुंग्यांच्या खडूने पांढऱ्या रेघा ओढल्या. एक रेघ पुरेना, म्हणून चार ओढल्या. कोपरे उघडे राहिले, म्हणून तिथे वळणे काढली. रोज सकाळी अंघोळ करून आबा पहिल्यांदा टोपलीला पाणी घालत. गहू तरारले. हिरवेगार, बोटभर.

बिबड्यांनंतर पुष्पाबाईंनी आबांशी बोलणे टाकले होते. त्या दिवशी मात्र कसलासा डबा परत द्यायला त्या दारात आल्या आणि दारातच थबकल्या. पाटावर टोपली. टोपलीत कोवळे गहू. भोवती पांढरी रांगोळी. शेजारी देव. ओल्या पंच्याने उभे असलेले आबा, हातात पाण्याचा गडू. अखाजी जवळ आलेली.

पुष्पाबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

"आबा, गौराई बसाडी तुम्ही! सुमनबाईना मागे तिनी रीत चालू ठेवी! भलतं चांगलं करं."

खानदेशात अखाजीच्या आधी बायका-पोरी टोपलीत गहू पेरून गौराई बसवतात, तिच्यापुढे रोज गाणी म्हणतात, हे आबांना ठाऊक नव्हते असे नाही. पण त्या दिवसांत लग्नसराईच्या जादा गाड्या सुटत. आबा रात्री घरी येत तेव्हा कोपऱ्यात हिरवे काहीतरी दिसे आणि सकाळी निघत तेव्हा सुमनबाई त्याला पाणी घालत असत. आपल्या टोपलीचे आणि त्या टोपलीचे काही नाते आहे, हे या क्षणापर्यंत त्यांच्या डोक्यात आले नव्हते.

"अहो पुष्पाबाई, ती खरं म्हणजे..." आबांनी सुरुवात केली. पुष्पाबाई रडत होत्या. बिबड्यांचा राग त्या आसवांत वाहून जाताना आबांना दिसत होता. रडणाऱ्या बाईला मांजरीचा चारा आहे म्हणून सांगायला जे काळीज लागते, ते आबांकडे नव्हते.

"...ती जरा विरळ उगवली आहे," आबांनी वाक्य पुरे केले.

त्या संध्याकाळपासून गल्लीतल्या बायका आबांकडे गौराईची गाणी म्हणायला येऊ लागल्या. हळदकुंकू वाहू लागल्या. बायकोवाचून राहिलेल्या एका माणसाने गौराई बसवली, हे ऐकून मागच्या गल्लीतल्याही आल्या. आबा स्वयंपाकघरात लिंबाचे सरबत करत उभे राहत आणि आतल्या खोलीत कोंडलेली गोधडी दाराला नखे लावून आपले औषध मागत राही.

अखाजी तोंडावर आली होती. ज्योत्स्ना टोपली घेऊन निघणार होती. आबांनी हार मानली नाही. दुसरी टोपली पेरली आणि ती माजघरात, कणगीच्या आडोशाला ठेवली. तीही पुष्पाबाईंना दिसली.

"हाऊ शंकर शे ना?" त्या म्हणाल्या आणि उत्तराची वाट न बघता त्यांनी टोपली उचलून गौराईशेजारी ठेवली. गौराईला नवरा मिळाला, गोधडीला गवत मिळाले नाही.

तिसरी टोपली आबांनी न्हाणीघरात, बादलीमागे लपवली. तिच्यापुढे कोणी गाणी म्हटली नाहीत, कुंकू वाहिले नाही. गोधडीला आणून आबांनी तिच्यापुढे बसवले. तिने एक पाते हुंगले, तोंड वळवले आणि देव्हाऱ्याच्या दिशेने बघत बसली. खायचे तर गौराईचेच, नाही तर नाही.

"देवाची आहे ती," आबांनी तिला समजावले. "तुला कळत नाही का?"

अखाजीच्या आदल्या दिवशी ज्योत्स्ना आली. एका हातात कपड्यांची बॅग, दुसऱ्या हातात झाकणाची प्लास्टिकची टोपली. टोपली तिने दारामागे ठेवली. आबांनी त्या टोपलीकडे पाहिले नाही. ज्योत्स्नाने मात्र पाटावरचे गौरी-शंकर पाहिले आणि वाकून नमस्कार केला. मग म्हणाली, "दादा, तुम्ही केलंत हे?" आबांनी मान हलवली. ती हो होती की नाही, हे त्यांचे त्यांनाही सांगता आले नसते.

अखाजीच्या सकाळी सुमनबाईंची घागर भरली. सांजोऱ्या झाल्या, आमरस झाला, चुलीत नैवेद्याची आगारी पडली. ज्योत्स्ना रडली. आबा रडले नाहीत. त्यांचे लक्ष आतल्या खोलीच्या दाराकडे होते. दुपारी गौराईचा शेवटचा थाट करायला बायका जमल्या. झुलाल नानाही आमरसाच्या वासाने येऊन ओट्यावर बसले.

"फणी-आरसा कोठे शे?" पुष्पाबाईंनी विचारले. "गौराई सासरले जाई ऱ्हायनी. तिले फणी-आरसा नको का?"

"आईची फणी असेल कपाटात," ज्योत्स्ना म्हणाली आणि बोलून गेल्यावर तिने जीभ चावली.

सगळ्या बायका आबांकडे पाहू लागल्या. आबा उठले. खुंटीवरची किल्ली काढली. कुलूप जाम झाले होते, दोनदा फिरवावे लागले. कपाटातून डिंकाच्या लाडवांचा आणि नव्या साड्यांचा मिळून एक वास आला. वरच्याच कप्प्यात शिसवी फणी होती, काळी, दोन दाते तुटलेली. दात्यांत सुमनबाईंचे थोडे गुंतवळ अडकलेले होते, पांढरे-काळे. आबांनी ते अलगद सोडवून सदऱ्याच्या खिशात ठेवले आणि फणी आणून पाटावर ठेवली.

या सगळ्यात आतल्या खोलीचे दार कोणी तरी उघडे टाकले होते.

गोधडी आली ती पळत नाही, चालत. बायकांच्या मांड्यांमधून वाट काढत, मुंग्यांच्या चारही रेघा ओलांडून ती गौराईपाशी गेली आणि तिने गौराईचा एक मोठा घास तोडला. गाणे मधेच थांबले. गोधडीने तो घास शांतपणे चावून गिळला. दुसरा घेतला. तिसरा शंकराचा घेतला. मग तिच्या पाठीची कमान झाली.

"नको," आबा म्हणाले. "गोधडे, आज नको."

"खॅक, खॅक, खॅक."

केसांची वळी पाटासमोर, बरोबर मधोमध पडली. नेहमीपेक्षा मोठी. तेवढ्यात ओट्यावरून झुलाल नानांनी विचारले, "मंग बकरी कोठे शे?"

"बकरी नाही नाना!" आबांचा बांध फुटला. "बकरी कधीच नव्हती. आणि ही गौराई पण नाही. हे हिच्या पोटाचं औषध आहे. डॉक्टरांनी गहू पेरायला सांगितले, मी पेरले. मुंग्या आल्या, म्हणून खडू ओढला. पुष्पाबाई रडल्या, म्हणून मी बोललो नाही. शंकर पण औषधच आहे. न्हाणीघरात अजून एक टोपली आहे."

पुष्पाबाईंचा चेहरा आधी पांढरा आणि मग लाल झाला.

"म्हन्जे आम्ही इतला दिन मांजरना गवतले गाना म्हनात?"

"हो," आबा म्हणाले. माणूस खोटे बोलून दमला की खरे बोलणे सोपे जाते.

"दादा," ज्योत्स्ना हळूच म्हणाली, "ही येते माझ्याबरोबर. बस झालं आता." ती दारामागची टोपली आणायला उठली.

आबांनी तिला थांबवले असते, पण त्यांचे लक्ष गोधडीकडे गेले. गोधडी फणीपाशी गेली होती. तिने आधी फणीला नाक लावले. मग एक गाल घासला, मग दुसरा. मग ती पाटाला टेकून एका कुशीवर आडवी झाली, पाय ताणले आणि घुरघुरायला लागली. त्या आवाजात नानांच्या पाण्याच्या मोटारीचा दम होता. कपाटासमोर ओरडणारी मांजर ती हीच का, असे वाटावे.

"अय माय!" पुष्पाबाई सगळा राग विसरल्या. "सुमनबाई दुपारले पायरीवर बशीसन इले इंचरे ना! रोज. पहिले सोताना केस, मंग इना. हाईच फनी!"

"मला कसं माहीत नाही?" आबा म्हणाले.

"तुम्ही स्टँडवर गाड्या सोडेत. तुमले कसं माहीत व्हई?"

आबा खाली मांडी घालून बसले. बाह्या वर केल्या. ओरखडे सगळ्यांना दिसले, दिसू दे. त्यांनी फणी उचलली. देवापुढची वस्तू, तरी कोणी अडवले नाही. त्यांनी गोधडीच्या मानेवरून शेपटीकडे फणी हळूच ओढली. गोधडीने डोळे मिटले. एकेका ओढीला मूठभर केस निघत होते. दुसरी कुशी तिने आपणहून दिली. थोड्याच वेळात आबांच्या शेजारी केसांची एवढी रास झाली, की नाना आत येऊन, चष्मा लावून, त्यातली मांजर कोणती ते बघून गेले.

"एवढं सगळं तिच्या पोटात जात होतं!" ज्योत्स्ना म्हणाली. आणलेली टोपली तिच्या हातात तशीच होती.

पुष्पाबाई उठल्या. त्यांनी कपड्याने पाटासमोरची जागा पुसली, गौराईचे उरलेले गहू बोटांनी सारखे केले आणि सगळ्या बायकांकडे वळून पाहिले.

"हाई गौराई व्हती आणि गौराईच शे. ज्यानी भाईर जाईसन दुसरं काही सांगं, त्याले मी दखी लिसू." मग आबांकडे. "म्हना, आबा. काय शे हाई?"

"गौराई," आबा म्हणाले.

"आणि हाऊ?"

"शंकर."

"आते कसं बोलनात!" आणि त्यांनी थांबलेले गाणे तिथूनच पुढे सुरू केले. गौराई त्या संध्याकाळी थोडी टकली पण वाजतगाजत बोळवली गेली.

ज्योत्स्ना अजून काही दिवस राहिली. माहेरपणाला आली होती, पण तिचा एक डोळा जमिनीवर असे. चपला, वर्तमानपत्र, चष्म्याचे घर, टोपी. आबा रोज दुपारी पायरीवर बसून फणी फिरवत. न्हाणीघरातली टोपली बाहेर आणली होती, तिलाही आता गोधडी थोडे तोंड लावी. एकदा ती खोकली आणि बापलेक दोघेही जागच्या जागी थिजले. नुसतीच शिंक होती.

निघायच्या दिवशी आबा तिला पोचवायला स्टँडवर गेले. धुळ्याची गाडी फलाटाला लागली होती. ज्योत्स्ना खिडकीशी बसली. मांडीवर तीच झाकणाची टोपली होती. तिच्यात पुष्पाबाईंनी नव्याने घातलेले बिबडे भरले होते.

"दादा, काही लागलं तर फोन करा," ती म्हणाली. "आणि जेवत जा. मी पुष्पाबाईंना विचारणार आहे."

आबांनी मान हलवली. मग ते कंट्रोलरच्या खोलीत गेले. तिथला पितांबर त्यांच्याच हाताखाली तयार झालेला. त्याने उठून खुर्ची दिली. आबा बसले नाहीत. त्यांनी माइक पुढे ओढला, घसा साफ केला आणि सगळ्या स्टँडला ओळखीच्या त्या आवाजात म्हणाले,

"प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे. जळगावहून धुळ्याला जाणारी गोधडी रद्द करण्यात आलेली आहे."

बाकांवरचे लोक आपापल्या बोचक्यांकडे बघू लागले. एका म्हातारीने आपली गोधडी घट्ट धरली. खिडकीत ज्योत्स्ना तोंडाला पदर लावून हसत होती, की रडत होती, गाडी हलल्यामुळे नीट कळले नाही.

"चहा घेऊन जा ना आबा," पितांबर म्हणाला.

"नको," आबा टोपी घालत म्हणाले. "दुपार झाली. घरी वाट बघत असेल."